वाळून घट

रात्री अडीचला अल अवीरच्या बाजारात
ट्रक पाठमोरे सरकत येतात, पिक पिक करत,
आणि दार पूर्ण उघडायच्या आत
मी थर्मामीटर आत खुपसतो.
अकरा अंश. चालेल.
दहाच्या खाली गेलं की काकडीला थंडी बाधते,
अंगावर खड्डे पडतात, देवी आल्यासारखे.
टोमॅटोच्या शेजारी ठेवली तर पिवळी.
कागदावर तिचं नाव शून्य सात शून्य सात.
बाकी जात नाजूक.

आजचा माल सोहारचा,
समुद्रातलं मीठ काढून उरलेलं पाणी
नळीनं थेंब थेंब पाजलेला.
पलीकडच्या गाळ्यात जॉर्डनचा,
त्याच्यापुढे इराणचा, लाकडी लाँचमधून उतरलेला, जरा दमलेला.
कोपऱ्यात कर्नाटकातून आलेली बोटभर घेरकिन,
जी पिकवणाऱ्याच्या घरी कुणी खात नाही.

माझं काम बाक मोजायचं.
दहा सेंटिमीटरला दहा मिलिमीटर माफ,
पुढे दुसरा नंबर.
सरळ काकड्या हॉटेलांत जातात,
वाकड्या सोनापूरच्या कॅम्पात.
एकवीस वर्षं पट्टी माझ्या हातात आहे
म्हणून माझी कंबर कुणी मोजत नाही.

चौथ्या पॅलेटवरचा एक खोका भरला
चार किलो सहाशे.
लेबल म्हणतं पाच.
काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला.
चार सहाशे.

खोक्यामागे मोफिझुल. नोआखालीचा.
जबडा हलता हलता थांबलेला,
खिशात वर्तमानपत्राची पुडी, मीठ-मिरचीची.
कांदा खाल्ला तर चूळ भरता येते,
पण मोडलेल्या काकडीचा वास
ओल्या भिंतीसारखा उभा राहतो.
त्याच्या अंगठ्यावर पांढरा फेस होता अजून.
दापोलीला आई तवशाचं टोक कापून
त्याच तुकड्यानं घासायची,
कडू निघतं म्हणायची.
नोआखालीतही निघतं तर.

‘परकारसाब,’ एवढंच म्हणाला तो.

शाहबंदरीशेठ तीन दिवसांचा पगार कापतात.
काकडीच्या चोराला फाशी
ही म्हण मी सातवीत वाक्यात उपयोग करून लिहिली होती,
दोन मार्कांना.
काय वाक्य केलं होतं आठवत नाही.
चोर तेव्हा पाहिला नव्हता.

आमचा हिशेबनीस बामतरफ, हद्रमौतचा,
एकदा चहा पिताना म्हणाला होता:
खियार म्हणजे काकडी.
खियार म्हणजे निवडसुद्धा.
मी म्हटलं, मग कळतं कसं कुठला?
तो म्हणाला, भूक असेल तर पहिला.
आणि कप विसळायला उठला.

वहीत शेवटून दुसरा रकाना असतो: वाळून घट.
काकडी म्हणजे बहुतेक पाणीच,
सोहारहून इथवर येताना
थोडं पाणी रस्त्यात राहतं, ट्रकच्या भिंतींना,
सीमेवरच्या रांगेत, कुणाच्याही नावावर न चढता.
टक्का-दोन टक्के सगळे धरतात.
चारशे ग्रॅम एका खोक्यात म्हणजे आठ टक्के.
एवढं पाणी शेठ वाळू देणार नाहीत.

पॅलेटवर ऐंशी खोके.
मी भागाकार केला.
चौथी पॅलेट, वाळून घट,
खोक्यामागे पाच ग्रॅम.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

मोफिझुल दुसरी पॅलेट ओढायला गेला.
आभार वगैरे काही नाही,
जाता जाता पुडी तेवढी काट्याशेजारी ठेवून गेला.
बाहेर ऑगस्ट,
पहाटे तीनला छत्तीस अंश,
चष्म्याची काच धुरकट.

तो खोका उघडाच होता.
एक काकडी काढली, चांगलीच वाकडी,
पट्टीची गरज नव्हती.
सवयीनं काट्यावर ठेवली: ऐंशी ग्रॅम.
टोक कापलं, घासलं, फेस येईपर्यंत.
पुडी सोडली.

खाऊन झाल्यावर हात पँटला पुसले
आणि वहीतल्या पाचाचे सहा केले.